ओटीपी येईपर्यंत

शीतल रणपिसे भांडुपची. एका सरकारी पोर्टलवर ती कंत्राटी नोकरीला होती. लोक अर्ज कुठे अर्धवट सोडतात ते आकड्यांत बघायचं, मग त्यांना भेटून कारण शोधायचं, हे तिचं काम. पण भेटायला कुणी पाठवत नसे. तक्ते करण्यातच तिची वर्षं चालली होती.

निराधार बायकांच्या पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला ऑनलाइन झाला आणि अर्ज ओटीपीच्या पानावर अडकायला लागले. तीनदा ओटीपी चुकला किंवा त्याची मुदत संपली की खातं दिवसभर बंद.

"दलाल घुसलेत, दुसऱ्यांच्या खात्यांवर आकडे टाकून बघतायत," तिचे साहेब राजाराम परब म्हणाले. "दिवसाऐवजी आठवडाभर बंद ठेवू खाती."

"साहेब, आधी बघून तरी येऊ द्या."

"जा. पण रिपोर्ट लवकर दे."

ती घराजवळच्या सेवा केंद्रात जाऊन बसली. तिथे शेवंती मोहिते आली, घरकाम करणारी, साठी उलटलेली विधवा. ऑपरेटरने माहिती भरली, ओटीपी गेला. पण नोंदवलेला मोबाइल मुलाचा, आणि मुलगा गोरेगावला स्टुडिओत सेटचं सुतारकाम करत होता. ऑपरेटरच्या फोनवरून शेवंतीने त्याला गाठलं, तोवर ओटीपीची मुदत संपली. दुसरा आला, तर त्याने घाईत पहिलाच वाचला. तिसऱ्या वेळी त्याने फोनच उचलला नाही. अंदाजाने टाकलेले आकडे चुकले. खातं बंद.

"उद्या परत खाडा," शेवंती म्हणाली. "तू सरकारची ना गं? मग तूच कर की."

"मला नाही करता येत, मावशी."

शेवंती पिशवी उचलून निघून गेली.

शीतलने सगळं लिहून दिलं. परबांनी ते शांतपणे वाचलं आणि आठवडाभराच्या बंदीचा विषय सोडून दिला. पण पान बदलायचं म्हणजे पोर्टल चालवणाऱ्या कंपनीला विनंती, मग सुरक्षेची मंजुरी. दर मीटिंगला नवा माणूस, आणि शीतल पुन्हा पहिल्यापासून सांगायची. शेवटी शेवटी तिला स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा यायला लागला.

दिवाळीनंतर पान बदललं. ओटीपीची मुदत वाढली, आणि तो पाठवण्याआधी 'मोबाइल जवळ आहे का?' असं विचारलं जाऊ लागलं. अडकणारे अर्ज निम्म्यावर आले. ऑफिसात कुणीतरी "झकास" म्हटलं. शीतल पत्ता शोधत शेवंतीच्या घरी गेली.

"माझं झालं कधीच," शेवंती म्हणाली. "लेकाने रजा टाकली, बसला माझ्यासोबत. मधल्या महिन्यांची पेन्शन अजून यायचीय."

"आता सोपं केलंय आम्ही."

"बरं केलंस. बस, चहा टाकते."

चहा होईपर्यंत परबांचा मेसेज आला. आता फोटोच्या पानावर लोक अडकत होते, तक्ता हवा होता. शीतलने डोळे चोळले.

'पाठवते,' तिने लिहिलं. 'पण उद्या मी केंद्रात बसणार आहे.'

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती केंद्रात जाऊन बसली.