दुसरा व्हॉल्व्ह

चूक माझी. मुलगा आठवडाभर तापाने फणफणत होता आणि मी त्याला इस्पितळात न्यायचं सोडून, त्याच्या बाह्या वर करून हात तपासत बसलो.

"बाबा, यार, काही घेतलं नाहीये मी. सच में ताप आहे." निनाद सांगत होता. मी ऐकलं नाही. नशेच्या सुयांमुळेच पूर्वी त्याच्या हृदयाला जंतुसंसर्ग झाला होता. ऑपरेशन करून नवा व्हॉल्व्ह बसवावा लागला होता. मी त्याची उशी उसवली, बुटांचे तळ उचकटले. काही सापडलं नाही, तेव्हा वाटलं, लपवण्यात पोरगं आता हुशार झालंय.

तो जिन्यात कोसळला. मग फरीदाबादहून दिल्लीला आणलं. नव्या व्हॉल्व्हलाही संसर्ग. तो काढून दुसरा बसवला नाही, तर मुलगा हाती लागणार नव्हता.

सर्जन मराठी. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला यायचे. तिथे मी दरवर्षी खुर्च्या मांडायचो. पंगतीत वाढायला मात्र मला कधी कुणी हाक मारली नाही. तरी 'आपला माणूस' म्हणून मी त्यांच्याकडेच गेलो. निनादच्या पलंगाशी, शिकाऊ डॉक्टरांच्या घोळक्यासमोर ते मला म्हणाले,

"तुमच्या लोकांत दारू चालते, माहीत होतं. सुया कधीपासून? एक व्हॉल्व्ह वाया घालवला यानं. दुसरा एखाद्या सभ्य घरच्याला बसवू की."

मी म्हणालो, "बरोबर आहे, सर."

हो. असंच म्हणालो. आपल्याकडे कुणी बोट दाखवू नये, या एका धाकात मी उभी सरकारी नोकरी काढली. कडक इस्त्रीचा शर्ट, घासूनपुसून बोललेली मराठी. निनादने तोंड भिंतीकडे फिरवलं.

तेव्हा पहिल्यांदा मला माझा संशय आला. इतकी वर्षं मी पोराकडे बघत होतो, ते याच माणसाच्या नजरेने.

सर्जन निघाले होते. मी वाट अडवली.

"सर, माझ्या लोकांचं नाव काढायचं नाही. या वेळी त्यानं सुई घेतलेली नाही. घेतली असती, तरी उपचार हा त्याचा हक्कच. नाकारायचं असेल तर कारण लिहून द्या. 'सभ्य घर' हेही लिहा."

"आवाज खाली करा. तमाशा नको इथं."

"आजवर खालीच होता."

कुणी काही लिहून दिलं नाही. दुसऱ्या सर्जनने ऑपरेशन करायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी मी निनादजवळ बसलो.

"काय झालं? मी मरणार म्हणून बसलायत?" तो म्हणाला.

"नाही. मी तुझ्यावर चोरासारखी पाळत ठेवली, त्यात उपचाराचे दिवस गेले. आणि तुझ्यादेखत त्या माणसाला 'बरोबर' म्हणालो. दोन्हींची माफी मागतो. उद्या वाचलास आणि पुन्हा घसरलास, तरी तुला घेऊन मी इस्पितळात येईन. कुणापुढे मान खाली घालणार नाही. मला माफ कर."