गुपचूप घेतलेला तिसरा डोस

कोरोनाची लस घेतल्यावर बायको तापाने फणफणली. मला साधी कणकणसुद्धा नाही. झालं, मी मिशीला पीळ भरला. "फौजी अंग हाय हे," म्हणून तिला ऐकवलं. तिने पांघरुणातूनच हात जोडले.

मलकापूरजवळच्या आमच्या गावात सकाळी दूध घालायला सगळे म्हातारे डेअरीवर जमतात. तिथंही मी तेच फेकलं, ताप आला न्हाई म्हंजे अंग दणकट. बऱ्याच जणांना ताप आला नव्हता, गडी खूश! पुढे तिसरा डोस निघाला तेव्हा मीच म्हणालो, "आपल्याला कशाला रं? नाजूक लोकांसाठी हाय त्यो." फौजेतला माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण उठतंय? एकजणसुद्धा गेला नाही.

मग आम्ही सांगलीला, विश्रामबागेत लेकीकडे गेलो. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. लशीने किती अँटीबॉडी तयार झाल्या ते बघायला तिने हौसेने आमचं रक्त घेतलं. बायकोच्या रक्तात भरपूर, माझ्या रक्तात नावालाच! "बाटल्या बदलल्या असतील," मी खेकसलो. तिने परत तपासलं, तेच आलं.

"आबा, तुम्ही घेतलेल्या लशीत मेलेला विषाणू असतो. तो ओळखायला अंगानं शिकायचं असतं. आई तुमच्याहून बरीच लहान आहे. वय झालं की अंग शिकायला कमी पडतं, म्हणून तर तिसरा डोस. आणि ताप नाही म्हणजे ताकद, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

बायको हसेल असं वाटलं होतं. ती मुकाट्याने मला भाकरी वाढत राहिली, तेव्हा मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर रंगरुटांना कवायत शिकवली, चुकला की शिव्या हासडल्या, आणि माझंच रक्त ढ निघालं. लय लाज वाटली. गावात कुणी बघू नये म्हणून तिसरा डोस सांगलीतच उरकला.

परतल्यावर डेअरीवर माझा शाळेपासूनचा दोस्त भेटला. नव्या टोपीत, खुशीत होता.

"खंडाळ्याला नातीच्या लग्नाला चाललोय. गर्दी लय असणार. पर आपल्याला काय भ्या हाय गड्या?"

त्याला तसंच जाऊ देणं जमेना. "जाऊ नगंस," मी म्हणालो. "आदी तिसरा डोस घे. माजं चुकलं. आपल्या वयाला लस कमी लागू पडती. मी सांगलीत घिऊन आलोय."

त्याने डोक्यावरची नवी टोपी काढून हातात घेतली.

"आमाला न सांगता?"