तळघर, कूलर आणि आतली कडी

त्या भिंतीचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं. माणसावर चिडलं तर माणूस निदान उलट बोलतो. भिंत नुसती घाम गाळत उभी राहते.

सुरुवात ताईवरून झाली. माझी थोरली बहीण अकोल्याला चुलतभावाकडे राहायची. त्याच्या पोराचं लग्न ठरलं आणि हॉलमधला ताईचा दिवाण अचानक सगळ्यांच्या पायात यायला लागला. नागपूरचा दादा फोनवर म्हणाला, "माझ्याकडं येऊ दे न. हॉलमध्ये दिवाण टाकून देऊ."

पुन्हा हॉल! ताई जन्मभर कोणाच्या ना कोणाच्या हॉलमध्येच झोपली. पाहुणे आले की उठायचं, टीव्ही बंद झाला की आडवं व्हायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गरजलो, "ताईले खोली मी देतो! आतून कडी लागन अशी!"

फोन ठेवल्यावर आठवलं की परप्रांतात, गुढियारी वस्तीतल्या आमच्या घरात वर दोनच खोल्या आहेत. एक आमची, एक मुलीची. उरलं तळघर. आधीचा मालक तिथं कांद्याची पोती ठेवायचा. भिंतींना ओलीचा खार, म्हणजे लोणा लागलेला. हात लावला की गिलावा पिठासारखा सांडायचा.

गवंडी मिळाला तोही माझ्याच नशिबाचा. मी विचारलं, जुना गिलावा खरवडून सिमेंटचा करू? "हव भैया." हव म्हणजे तिकडच्या बोलीत हो. जरा ओला आहे, पण पुट्टी मारून टाकू? "हव भैया." वर गुलाबी ऑइलपेंट? "हव." रस्त्याची धूळ नको म्हणून दोन्ही झरोके विटांनी बुजवायला सांगितले, तेव्हाही हवच. घरात माझ्याशी इतकं कोणी सहमत होत नाही. मी शेफारलो.

"अहो, हवा कुठून येणार?" बायकोनं विचारलं.

"त्यासाठीच कूलर आणून राहिलो न!" मी खेकसलो.

आम्हा विदर्भातल्या माणसांना उन्हाळ्याच्या कुठल्याही दुखण्यावर कूलर हेच औषध ठाऊक. वाळ्याच्या ताट्या लावलेलं ते लोखंडी धूड मी बंद तळघरात उतरवलं आणि पाण्यानं काठोकाठ भरलं.

ताई मे महिन्यात आली. आधी तिनं दाराची कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मग खुशीत कूलर सुरू करून दुपारची झोपली. चहाच्या वेळी खालून हाक आली, "अरे ए, खाली ये!"

भिंतीवरून थेंब ओघळत होते. रंगाला फोड आले होते. गादी ओली, तिच्या इस्त्रीच्या साड्या ओल्या, आणि पुट्टीची एक अख्खी पोळी उशीवर पडलेली.

"काहून रे," ताई म्हणाली, "मले खोली देऊन राहिला, का लोणच्यासारखी मुरवून राहिला?"

मी तिथूनच गवंड्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. "बंद खोलीत कूलर लावू नका, एवढं सांगता आलं नाही तुला?"

"हव भैया," तो म्हणाला.

फोन भिंतीवर फेकणार होतो, तेवढ्यात तो वाजला. दादा. त्याला कोणी कळवलं, ते मी अजून शोधतोय. स्पीकर लागला आणि त्याचा आवाज तळघरात घुमला, "मग? हॉलच बरा होता न?"

ताईनं माझ्या हातातून फोन घेतला. "हॉलमध्ये तू झोप," म्हणाली आणि कट केला. मग ओल्या साड्या पिळून खांद्यावर टाकल्या. "तुह्या खोलीले आतून कडी आहे न?"

"आहे, पण..."

"मंग झालं."

बायकोनं तोवर आपली उशी मुलीच्या खोलीत नेलीसुद्धा होती. माझी तेवढी तळघराच्या पायरीवर ठेवलेली दिसली.

मी हातोडा उचलला आणि झरोक्याच्या विटांवर पहिला घाव घातला. वीट जागची हलली नाही; गुलाबी गिलावा मात्र हातभर सुटून माझ्या पायावर आला. मी भिंतीला शिव्या घालायला तोंड उघडलं, इतक्यात वर ताईनं कडी लावल्याचा आवाज आला. शिव्या तोंडातच राहिल्या. मी पाय झटकला आणि दुसरा घाव घातला.