नळाचा न, बाणाचा ण

"आधी ऐकून घ्या. हसायला आयुष्य पडलंय."

ग्रंथ उघडला की काका हे म्हणायचे आणि पानावर एक फुंकर मारायचे. पानावर काही नसायचं. पण तीस वर्षं धसईच्या भातगिरणीत काढलेला माणूस. तांदूळ हातात आला की तूस उडवायचं, ही हाताची नि तोंडाची सवय. ती भगवंतांच्या वचनावरही चालायची.

गिरणीत तुम्ही कधी उभे राहिला असाल तर माहीत असेल, तिथं बोलायचं म्हणजे ओरडायचं. इंजिनाने काकांचा एक कान खाल्ला होता आणि बदल्यात आवाज दिला होता. मुरबाडकडच्या आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाला, म्हणजे पावसाचे तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथ लागायचा. "मन शांत ठेवा!" असं काका ओरडले की बाहेर बांधलेली शेळी दावं तोडायला बघायची.

उरलेले नऊ महिने ते घराच्या ओट्यावर बसून मिळेल ते वाचायचे, तेही मोठ्यानेच. म्हसा गावच्या जत्रेत जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललेलं फकिरांचं पुस्तक. आसनगावच्या पुलावर कोणीतरी फुकट वाटलेली ख्रिस्ती साध्वीची चोपडी. पहिली वीस पानं नसलेलं जैन मुनींचं काहीतरी. विहार कमिटीचे सेक्रेटरी एकदा म्हणाले, "काका, आपलं सोडून दुसऱ्यांचं कशाला?"

"कोन दुसरा?" काका ओरडले. "हा पन गप बसायलाच सांगतो!"

काकांच्या तोंडात 'ण' नव्हता. कारन, शरन, आणि सगळ्यात वर निर्वान. तसा तो निम्म्या वस्तीच्या तोंडात नव्हता, माझ्या आईच्याही. पण मी मामाकडे राहून शहापूरच्या हायस्कुलात शिकलो. तिथं पहिल्याच दिवशी 'पानी' म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला. वर्षभरात 'ण' शिकलो आणि हसणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसलो.

बारावी झालो त्या वर्षी जयंतीला माझी मिमिक्री ठेवली होती. एसटीचा कंडक्टर झाला, पुढारी झाला. मग मी चष्मा नाकावर ओढला, हातातल्या वहीवर फुंकर मारली आणि म्हणालो, "आधी ऐकून घ्या..." तेवढ्यावरच मंडप लोळला. मग "निर्वानननन" असं लांबवत नेलं, बंद पडणाऱ्या इंजिनासारखं. काका पहिल्या रांगेत होते. एकच कान, त्यामुळे त्यांना उशिरा कळलं. सगळ्यांचं हसून झाल्यावर ते हसले, एकटेच.

कमिटीत ठरलं, यंदा वाचायला पोरगा बसवायचा, शुद्ध वाचतो. काकांना कोणी सांगितलं नाय. पहिल्या संध्याकाळी ते चष्मा पुसत आत आले तर आसनावर मी. ते मागे चपलांजवळ जाऊन बसले.

आठवड्याने मला गाठलं. "काय रे नकल्या, तो न कसा काढायचा?"

"न नाय काका, ण."

"तेच रे. न."

"न नळाचा. ण बाणाचा."

"बानाचा."

"जीभ वर वळवा. टाळूला लावा."

त्यांनी जीभ वळवली, दोन दात होते त्यातून लाळ गळली. मी ते बघून ठेवलं, पुढच्या आयटमला उपयोगी.

मग ते म्हणाले, "आश्विन पौर्निमेला शेवटचं पान दरसाल मीच वाचतो. तेवढं मला दे. तवर शिकतो."

"ण आला तर देतो," मी म्हणालो.

काकी माझ्या आईला सांगायची, "भाकरी खाताना पन ण-ण करतात. घास पडतो गो तोंडातला."

त्याच पावसात एक भन्ते एका दिवसासाठी आले. जेवणानंतर त्यांच्या हातावर पाणी घालताना मी त्यांना हळूच काकांची नक्कल करून दाखवली. मला वाटलं, हसतील. हात धुऊन झाल्यावर ते म्हणाले, "पालीत शब्द निब्बान आहे. नळाचा न. तुझ्यापेक्षा तेच जवळ आहेत."

दहा पावलांवर काका भिंतीकडे तोंड करून 'ण' घोटत होते.

मी सांगितलं नाय. का नाय, तेही सांगतो. माझा आयटम गेला असता.

पौर्णिमेला काका धुतलेला सदरा घालून आले. मी आसनावरून उठलो. फुंकर मारली त्यांनी, आणि म्हणाले, "आधी ऐकूण घ्या."

मग वाचायला लागले.

"भगवंताणे भिक्खूंणा सांगितलं, मणुष्याचं मण..."

पहिली हसली ती माझी आई. मग कोणी थांबेना. तीन महिने घोटलेला 'ण' काका आता दिसेल तिथं पेरत चालले होते. शेवटच्या ओळीला 'निर्वाण' आला. तो त्यांनी अगदी बरोबर म्हटला, बाणासारखा सरळ. त्या गोंधळात तो मी सोडून कोणाला ऐकू आला नाय. दोन शब्द राहिले होते. काकांनी चष्मा काढला. "उरलेलं तू वाच," म्हणाले, हळू आवाजात. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर ओट्यावरचं वाचनही बंद झालं. बोलतानासुद्धा ते अडायचे, इथं कुठला, नळाचा की बाणाचा. शेवटी शेवटी तहान लागली तर तांब्याकडे बोट दाखवायचे.

दोन वर्षांनी गेले. पुण्यानुमोदनाला विहारात ग्रंथ ठेवला आणि वाचायला अर्थात मी. एक पान शुद्ध वाचलं. पुढेच बसलेली काकी म्हणाली, "हे कोनाचं वाचतोस रे? त्यांच्यासारखं वाच. तुला येतं ना?"

येत होतं. दुसरं काही येतच नव्हतं. मी आवाज चढवला, एक कान नसल्यासारखी मान वाकडी केली आणि नळाचा न लावून वाचायला लागलो. या खेपेला मनापासून. 'शरन'ला मागून कोणीतरी फसकन हसलं. 'निर्वान'ला आणखी चारजण. त्यांना गप करायला म्हणून मी थांबलो आणि तोंडातून निघालं, "आधी ऐकून घ्या..."

अख्खा विहार फुटला. सेक्रेटरी तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाले.

मी घाबरून काकीकडे बघितलं. तिने डोळे मिटले होते आणि ती मान हलवत होती.

"हां," ती म्हणाली. "आता बरोबर. अशीच हसायची मानसं."

मी पान उलटलं आणि फुंकर मारली. परत हसले.