रविवारची पाठमोजणी

आमच्या घरात दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, माझी पाठ मोजली जायची. मोजणारे पप्पा. फौजेतून रिटायर होऊन मलकापूरला घर बांधलेले आणि जवळच्या साखर कारखान्याच्या गेटवर सुरक्षेचं काम बघणारे. माणसं ताठ उभी राहत नाहीत म्हणून जगातल्या निम्म्या अडचणी येतात, असं त्यांचं ठाम मत होतं. अशा माणसाच्या घरी पाठीचा कणा वाकडा असलेली मुलगी जन्माला यावी, ही देवाची गंमतच. मला ती तेव्हाही थोडी आवडायची.

मी आठवीत होते. गणवेशाचा एक खांदा सारखा उतरायचा, म्हणून आईनं आधी शिंप्याचा उद्धार केला. मग सांगलीला एक्स-रे निघाला आणि शिंपी बिचारा निर्दोष सुटला. माझा कणा एका बाजूला वळला होता. फार नाही, पण वळला होता.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी पप्पांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. मी हात जोडून कमरेतून पुढं वाकायचं, पप्पांनी फोन आडवा धरून त्याची कड माझ्या पाठीवर टेकवायची, आणि पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा किती वर आलीय ते अंशांत वाचायचं. माझे पाच आले.

"सातच्या वर गेले तर लगेच या," त्या म्हणाल्या. "मग पट्टा द्यायचा का ते ठरवू."

पट्टा म्हणजे काखेपासून कमरेच्या खालपर्यंत कडक प्लॅस्टिकचं चिलखत. मी शाळेच्या खो-खोच्या संघात होते आणि पुढच्या महिन्यात फलटणला स्पर्धा होत्या. चिलखत घालून उकिडवं कसं बसायचं, हे मला कुणी सांगेना. त्यामुळं पाच आणि सातच्या मधल्या चिंचोळ्या जागेत माझा जीव टांगलेला होता.

पप्पांना मात्र नवं हत्यार मिळालं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी देव्हाऱ्याची फळी मोजली, टीव्हीचं टेबल मोजलं, शेजारच्या काकूंची पाठ मोजली. फळी शून्य, टेबल शून्य, काकू दोन. काकू त्या दोनाचं कौतुक गल्लीभर सांगत फिरल्या. समोरच्या म्हशीनं तेवढं मोजू दिलं नाही. "पप्पा, आता तुमचं," मी म्हटलं, तर म्हणाले, "फौजीचा कणा हाय. त्यात काय मोजायचं?"

फोनला त्यांनी जाडजूड रबरी कव्हर घातलं होतं आणि फोनला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

आईचं म्हणणं साधं होतं. पालीच्या खंडोबाला जाऊन यावं, भंडारा आणावा, पोरीच्या पाठीला लावावा. पप्पा उसळले. "देव काय हाडाचा डॉक्टर हाय का? व्यायाम कर म्हणावं तिला. बाकी सब बकवास." आई भाकऱ्या थापायला लागली. ती हरली म्हणून वाद सोडत नाही, हे पप्पांना अजूनही कळलेलं नाही.

आणि मग एका रविवारी आठ आले.

वाकल्यावर मला फक्त पप्पांचे पाय दिसायचे. ते पाय जरा मागं सरकले. "परत," ते म्हणाले. आठ. "श्वास सोड. परत." आठच.

त्या दिवशी पप्पांनी चहा घेतला नाही. घरभर फोन टेकवत फिरत राहिले. देव्हाऱ्याची फळी तीन अंश कलली होती, टीव्हीचं टेबलही तीन. "घर खचायला लागलंय," ते आईला म्हणाले आणि टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. संध्याकाळच्या बातम्या आम्ही मान तिरकी करून बघितल्या. मला हसू यायला हवं होतं, पण मी घाबरले होते. घर खचलं तर खचू दे, पण माझे पाच परत येऊ देत, असं मी देव्हाऱ्याकडं बघून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिघंही सांगलीला. डॉक्टरांनी मला वाकवलं, आपला फोन टेकवला. पाच. पप्पांनी स्वतःचा टेकवला. आठ.

"तुमचा फोन एकदा तपासून घ्या, मॅडम," पप्पा म्हणाले. "माझा एकदम ओके हाय."

डॉक्टरांनी दोन्ही फोन टेबलाच्या काचेवर कडेवर उभे धरले. त्यांचा शून्य, पप्पांचा तीन.

"काका, कव्हर काढा बघू."

हुकूम ऐकून पप्पा जागचे हलले नाहीत, असं मी पहिल्यांदा पाहिलं. "राहू द्या की," ते पुटपुटले. तोवर आईनं फोन उचलून कव्हर ओढलंही होतं. कोपऱ्यातून कागदाची एक जाड पुडी निघाली, टेबलावर पडली आणि उलगडली. काचेवर पिवळाधमक भंडारा पसरला. पुडीमुळं कव्हर त्या कोपऱ्यात नीट बसलंच नव्हतं आणि फोनची ती बाजू उचलली गेली होती.

डॉक्टर ओठ दाबून खिडकीबाहेर बघू लागल्या. आईनं आधी भंडाऱ्याकडं पाहिलं, मग पप्पांकडं.

"आवं, कवा गेलावता पालीला?"

पप्पा भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडं बघत म्हणाले, "गाडी सर्व्हिसिंगला न्हेली तवा."

"सर्व्हिसिंग तर कऱ्हाडात असतंय. पाली त्याच्याबी फुडं हाय."

"व्हय. पालीवरनं गेलो."

मग ते पुढं सरकून तळहाताच्या कडेनं भंडारा गोळा करू लागले, एक कणही न सोडता. ज्यानं माझे अंश उतरायचे त्यानंच ते चढवले होते. यात खंडोबाचा काही दोष नव्हता, पुडी ठेवणाऱ्याची जागा चुकली. मला हसू फुटलं आणि हसता हसता रडूही आलं. पप्पांबद्दल मला इतकी माया वाटली, की ती लपवायला मी पुन्हा वाकून बुटाची लेस बांधली.

"पाचच आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "जा, खेळ. आणि काका, अगदी शून्य पाठ फार कमी लोकांची असते. घरात कुणाचीही मोजून बघा."

पुढच्या रविवारी पप्पांनी टेबलाखालचा पुठ्ठा काढला, फोनचं कव्हर काढलं आणि मला मोजलं. पाच. मग फोन माझ्या हातात दिला, सदरा उतरवला, दोन्ही हात जोडले आणि कमरेतून वाकले. तसे वाकलेले पप्पा मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. पालीच्या पुजाऱ्यानं पाहिले असतील तर कोण जाणे.

मी फोन टेकवला.

"किती?"

"सहा."

"कव्हर काढलंयस न्हवं?"

"तुम्हीच काढलंय, पप्पा."

ते सावकाश उभे राहिले. सदरा तसाच हातात धरून स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "अगं, ऐकलंस का? पोरीला कायबी झालेलं न्हाई. तिच्यापरीस माझंच एक जास्त हाय, आन् ह्याच पाठीवर सामानाचा पिठ्ठू घिऊन लय डोंगर चढलोय मी."

आपली पाठ वाकडी निघाली म्हणून इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.