दातांना ढकलणारं काहीतरी

पोहण्याच्या तलावावर सगळे तिला शिट्टीबाई म्हणत. पोरांना पाण्यात उतरवायचं, हातपाय मारायला शिकवायचं आणि कुणी खोल भागाकडे वळलं की दातांत धरलेली शिट्टी कर्कश वाजवायची, यात तिची निम्मी हयात गेली.

ती शिट्टी एकदा फुसकी वाजली. तिने नवी आणली, तीही फुसकीच. आरशात पाहिलं तर खालचे दोन दात एकमेकांशी भांडल्यासारखे दूर झालेले. दुखत मात्र काहीच नव्हतं.

"वय झालं, दुसरं काय," ती म्हणाली.

"वयाने दात पडतात, चालायला लागत नाहीत," नणंद म्हणाली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या या नणंदेपुढे घरात कुणाचं काही चालत नसे. तिनेच दात सरळ करणाऱ्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि स्वतः सोबत निघाली.

बाहेरच्या खोलीत सगळी शाळकरी पोरं, तोंडात तारा. शिट्टीबाई अंग चोरून बसली. "माझ्याकडेच बघतायत गं. म्हणत असतील, म्हातारीला कुठलं बोहल्यावर चढायचंय!"

डॉक्टरीणबाई बोलक्या होत्या. आज फक्त मोजमाप, काही दुखणार नाही, म्हणाल्या. प्लॅस्टिकच्या आकड्यांनी गाल ताणून फोटो काढले. मग दातांचा ठसा. गार लगद्याने भरलेला साचा तोंडात बसला आणि तिला उमासे येऊ लागले.

"नाकाने श्वास घ्या."

रोज पोरांना श्वास शिकवणाऱ्या बाईला स्वतःचाच श्वास सापडेना.

शेवटी जबड्याचा एक्स-रे. हनुवटी टेकवून तिने दातांत कांडी धरली. सगळे बाहेर गेले, दार लागलं आणि ते यंत्र गुणगुणत तिच्या डोक्याभोवती फिरलं. उगाचच तिच्या मनात पाल चुकचुकली.

पडद्यावर चित्र उमटत होतं तेव्हा डॉक्टरीणबाई तारांचे रंग सांगत होत्या. वाक्य अर्धंच राहिलं. त्या दोन दातांखाली जबड्यात एक गोल काळा डाग होता आणि दातांची मुळं त्याच्या दोन बाजूंना रेटली गेली होती.

"ओठाला मुंग्या येतात?"

येत होत्या. तिने त्या गार पाण्याच्या खात्यावर टाकल्या होत्या.

"तारा आत्ता नाही लावायच्या. तुमचे दात आपणहून सरकले नाहीत. त्यांना काहीतरी ढकलतंय."

"कॅन्सर आहे का?" नणंदेने सरळ विचारलं.

"बहुधा नाही. पण बहुधावर मी सोडणार नाही."

त्यांनी जबड्याच्या सर्जनकडे पाठवलं. सर्जननी त्या डागातला तुकडा काढून तपासायला पाठवला. हाड अंड्याच्या कवचाइतकं उरलंय, कडक काही चावू नका, असंही बजावलं. ते ऐकल्यापासून तिला जांभईचीही धास्ती बसली. ती हनुवटीखाली हात धरून झोपायची. तलावावर काठावरूनच शिकवायची. खोल भागाकडे पाहिलं की तो काळा डाग दिसायचा.

निकाल आला. कॅन्सर नव्हता. पाण्याने भरलेली पिशवी होती, पण चिवट जातीची. हाड खात वाढणारी, आणि कणभर जरी मागे राहिली तरी पुन्हा उगवणारी. ऑपरेशन झालं, पिशवीबरोबर ते दोन्ही दातही गेले. हनुवटीचा अर्धा भाग बधिर झाला तो कायमचाच. चहा ओघळला तरी तिला कळत नसे. नणंद नुसती डोळ्यांनी खूण करी.

हाड भरल्यावर डॉक्टरीणबाईंनी उरलेल्या दातांना तारा लावल्या. तलावावरच्या तारावाल्या पोरी आता तिला आपल्यातलीच मानू लागल्या, आणि तिलाही ते आवडलं.

दर वर्षी एक्स-रे काढायचा असं ठरलं होतं. यंदाच्या चित्रात जुन्या जागेच्या कडेला पुसट काळा ठिपका दिसला.

"कदाचित हाडच भरतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीन महिन्यांनी पाहू."

दवाखान्याच्या जिन्याशी नणंद उभी होती. "काय म्हणाल्या?"

"लवकर बोलावलंय."

नणंदेने शिट्टीबाईचा दंड धरला, आणि त्या दोघी लांबच्या रस्त्याने घरी निघाल्या.