ड्रॉवर उघडणारं कुत्रं

कुत्र्याला पिंजऱ्याबाहेर मोकळं ठेवून घराला कुलूप लावायचं की नाही, यावर आमच्या घरात उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वाद चालला. वाद म्हणजे बायको बोलायची, मुलगी पुण्याहून फोनवर बोलायची, मेव्हणा आला की तोही बोलायचा. मी बोलत नव्हतो. मला उत्तर माहीत होतं आणि तेच अवघड होऊन बसलं होतं.

पिल्लू मुलीनं आणलं. नोकरी लागली तशी ती पुण्याला गेली आणि पिल्लू आमच्या गळ्यात राहिलं, सोबत तो तारांचा पिंजरा. ती त्याला क्रेट म्हणायची, बायको पिंजरा म्हणायची, आणि मेव्हण्यानं पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाला, "खुराडं कशाला? कोंबडी हाय का ती?" लहान होता तोवर कुत्रा त्यात आपणहून झोपायचा. थंडी सरता सरता आम्ही त्याला बाहेर ठेवायला लागलो. आधी दूध आणण्यापुरतं, मग मंडईपुरतं, मग मी ऑफिसला आणि बायको शाळेत असताना सकाळभर. एक चप्पल गेली, सोफ्याच्या पायाला दात लागले, त्यापलीकडं काही नाही. "शहाणा झाला हो," बायको म्हणाली.

नंतर उन्हाळ्यातली ती दुपार. मी जेवायला घरी आलो तर तो दाराशी आला नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडला होता, बाजूला उलटी, आणि माझ्या प्रेशरच्या गोळ्यांचं चावून चावून चपटं झालेलं पाकीट. सकाळी बातम्या बघत मी गोळी घेतली होती आणि पाकीट सोफ्याच्या हातावर ठेवून निघून गेलो होतो. "गोळ्या ड्रॉवरमध्ये ठेवत जा, खाली कुत्रं आहे," हे बायकोनं मला किती वेळा सांगितलं असेल! त्या दिवशी ती शाळेतल्या मीटिंगसाठी थांबली होती, मी तिला फोन केला. ती म्हणाली, रिक्षानं निघालेच.

ती येईपर्यंत मी काय केलं, ते सांगतो. त्याचं तोंड पुसलं. त्याला चादरीत गुंडाळलं. आणि टीव्हीखालच्या कपाटाचा ड्रॉवर अर्धा बाहेर ओढून ठेवला.

ठरवून वगैरे नाही. हात गेला. कुत्रा मरतोय की काय अशी भीती होती आणि तरी त्या भीतीतही मी तेवढं केलं, हे मला अजून पचत नाही.

तो वाचला. डॉक्टरांनी सलाईन लावलं, संध्याकाळी त्यानं मान उचलली. दवाखान्यात बायकोनं विचारलं, "गोळ्या कुठं होत्या हो?" मी म्हणालो, "ड्रॉवरमध्येच होत्या." डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "उघडतात काही कुत्री. हुशार असतात." झालं. माझ्या बोलण्यावर डॉक्टरांचाच शिक्का बसला.

त्यानंतर आमचा कुत्रा ड्रॉवर उघडणारा कुत्रा म्हणून प्रसिद्ध झाला. बायकोनं शाळेत सांगितलं, सोसायटीत सांगितलं, नातेवाइकांत सांगितलं. लोक कौतुकानं बघायला यायचे आणि त्याच्यासमोर ड्रॉवरकडं बोट दाखवायचे. तो त्यांच्या बोटाचा वास घ्यायचा. पण कौतुक बाहेरच्यांना. घरात बायकोच्या मनात धडकी भरली होती. तिनं जुन्या परकरांच्या नाड्या काढल्या आणि घरातल्या प्रत्येक ड्रॉवरची मूठ शेजारच्या मुठीला बांधून टाकली. चमचा हवा तरी गाठ सोडायची, कात्री हवी तरी गाठ सोडायची. आणि आम्ही दोघं बाहेर पडलो की कुत्रा पुन्हा पिंजऱ्यात.

तोवर निभत होतं, कारण बायकोची सकाळची शाळा होती. मी निघाल्यावर दुपारच्या आत ती घरी यायची. पण दिवाळीनंतर शाळेची वेळ बदलून दिवसभराची होणार होती. दिवसभर कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवायचं? डॉक्टर नको म्हणाले. मुलगी फोनवर रडकुंडीला आली, "आई, ती शिक्षा आहे." बायको म्हणाली, "शिक्षा नको आणि विष चालेल?"

मार्ग सुचवला मेव्हण्यानं. श्रीगोंद्याकडं त्याची वस्ती आहे, ऊस आहे. ट्रॅक्टरच्या कामाला नगरला आला होता, चहाला टेकला.

"दाजी, आमच्याकडं कुत्रं घराची राखन करतंय. तुमच्याकडं घर कुत्र्याची करतंय," तो म्हणाला. "द्या मला. वस्तीवर मोकळं हिंडंल, भाकरी खाईल."

"तुझी आधीची दोन कुठं गेली?" मी विचारलं.

"एक बिबट्यानं नेलं." त्यानं बशीत चहा ओतला. "दुसरं दिसलंच न्हाई, म्हंजी तेबी नेलंच म्हनायचं. ऊस तुटाया लागला की त्यो भायेर पडतो. त्याला काय करनार?"

"आणि याला?"

"याला घरात घेऊ की रातीचं."

"घरात घेतलास तर ड्रॉवर उघडेल," बायको म्हणाली, आणि दोघं बहीणभाऊ हसले. मी कप घेऊन बेसिनकडं गेलो.

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. ऑफिसात फाईल समोर घेऊन मी ते मनात जुळवायचो, स्कूटरवर सिग्नलला थांबलो की जुळवायचो. हिरवा झाला तरी मागच्यानं हॉर्न दिल्याशिवाय कळायचं नाही. घरी आलो की बायको गाठी तपासत असायची. एकदा तिनं मलाच हाक मारली, "जरा बोट धरा इथं, गाठ सरकतेय." मी बोट धरलं.

दिवाळीला मुलगी आली. येताच म्हणाली, "वस्तीवर द्यायचा नाही. आधी बघू तरी, मोकळा राहतो का." बायकोनं कबूल केलं, पण भाऊबीजेपर्यंतच. भाऊबीजेला मामा पिकअप घेऊन येणार होता. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर कुत्रा त्याच्याबरोबर.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं तयार होऊन निघालो. दारात मी नेहमीसारखं म्हणालो, "येतो रे." दार ओढलं, आणि जिन्यात पोहोचायच्या आत आतून जे सुरू झालं ते सगळ्या मजल्यांना ऐकू गेलं. दारावर पंजे, भुंकणं, मग लांबलचक रडणं. समोरच्या काकू बाहेर आल्या. "मारलंत की काय त्याला?"

"बघितलंस?" बायको मुलीला म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मी "येतो" म्हणालो, दार लावलं, आत दंगा. मुलगी जिन्यात कान लावून बसली होती. परत वर आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला बोलावताय."

"मी?"

"मी त्याला लहानपणी काय शिकवलं? 'ये' म्हटलं की यायचं. आणि तुम्ही रोज दारात उभं राहून 'ये-तो' म्हणता आणि त्याच्या तोंडावर दार लावता. तो काय समजणार?"

बायको हसली. आमच्यात घराबाहेर पडताना जातो म्हणत नाहीत. पाव आणायला निघालो तरी येतो म्हणायचं. बायकोनं लगेच बजावलं, "जातो बितो म्हणायचं नाही हां माझ्या घरात. सणासुदीचं." राहता राहिलं काहीच न म्हणणं. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं चोरासारखे बाहेर पडलो, एकमेकांकडंही न बघता. तोंडात शब्द अडकल्यासारखं वाटत होतं. दाराबाहेर उभे राहिलो. आत त्याची नखं फरशीवर वाजली, थोडा वेळ इकडून तिकडं गेली, मग बंद झाली. मुलगी तिच्या मोबाईलमध्ये बघत होती. आतला जुना फोन तिनं कपाटावर उभा करून ठेवला होता. "झोपला," ती ओठांनीच म्हणाली.

आम्ही बाजारात जाऊन आलो. तो तसाच पडलेला होता.

मुलीला वाटलं, सुटलो. पण बायको म्हणाली, "भुंकण्याचं मला काही नव्हतंच. शेजारी काय, ऐकून घेतील. ड्रॉवरचं काय? आज नाही उघडला. उद्या उघडेल. गाठ सुटेल एखादी."

"आई, नाही गं उघडत आता."

"एकदा उघडलाय ना?"

मुलीनं माझ्याकडं बघितलं. बाबा, तुम्ही तरी काही बोला, अशा नजरेनं. मी म्हणालो, "बघू."

भाऊबीजेला मेव्हणा सकाळीच आला. पिकअपमधून उसाची मोळी उतरवली, मागं पोतं अंथरून आणलं होतं. ओवाळून झालं, जेवणं झाली. बायकोनं कुत्र्याची वाटी, पट्टा, त्याची फाटकी चादर एका पिशवीत भरली होती. पिशवीचं तोंड ती पुन्हा पुन्हा जुळवत होती. डोळे लाल होते. तिलाच त्याला पाठवायचं नव्हतं, हे घरात कुणापासून लपलं नव्हतं.

"आक्का, दे आता. उजेड हाय तवर निघतो," मेव्हणा म्हणाला.

"ऊसतोड सुरू झाली का रे?" मी विचारलं.

"व्हय, टोळ्या आल्यात की. परवा शेजारच्या फडात ठसं दिसलं त्याचं."

बायकोला म्हणालो, "ऐकलंस ना?"

"ऐकलं," ती म्हणाली. "बिबट्यानं नेलं तर ते नशीब. गोळ्यांनी मेला तर ते पाप आपलं."

कुत्रा पिशवीतून लोंबणारा पट्टा बघून शेपूट हलवत होता. त्याला वाटत होतं, फिरायला.

"ड्रॉवर मी उघडला होता," मी म्हणालो.

"कोन्ता डावर?" मेव्हण्यानं विचारलं.

बायकोनं विचारलं नाही. तिला लगेच कळलं. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं. तरी मी सगळं सांगितलं, कारण अर्धं सांगून पुन्हा गप्प बसेन याची मला भीती होती. पाकीट सोफ्यावर राहिलं होतं. त्यानं फक्त समोर पडलेलं खाल्लं. तू रिक्षात होतीस तेव्हा मी ड्रॉवर ओढला.

तिनं हातातली पिशवी खुर्चीवर ठेवली. "आणि मी नाड्या बांधत होते तेव्हा?"

"बघत होतो."

"बघत नव्हतात. बोट धरलंत तुम्ही गाठीवर."

ती आत गेली, कात्रीसाठी दातांनी गाठ सोडली, आणि मग एकेक नाडी कापत सुटली. स्वयंपाकघरात, हॉलमध्ये, आमच्या खोलीत. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, आणि ते बायकोच्या बोलण्यापेक्षा लागलं.

मेव्हण्यानं शेवटी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हंजी साधंच कुत्रं हाय व्हय हे? मी वस्तीवर समद्यांना सांगून ठेवलंय, डावर उघडनारं कुत्रं आनतोय म्हनून." कुणी हसलं नाही. "बरं," तो म्हणाला, "मी दुसरं बघतो. येतो आक्का. येतो दाजी." कुत्रा उठून त्याच्या मागं दारापर्यंत गेला. मुलीनं त्याला कवेत धरून मागं ओढलं.

बायकोनं संध्याकाळी पिंजरा मिटवून माळ्यावर टाकला. "तो राहील मोकळा," ती म्हणाली. "तुमच्याच मागं बघत हिंडावं लागणार आहे मला." त्यानंतर चहा ठेवलाय, गॅस संपलाय, एवढंच बोलणं. मुलगी पुण्याला गेली तेव्हा मला वाकून नमस्कार केला, नेहमीसारखा, पण घाईत.

शाळा सुरू झाली त्या दिवशी मी आधी निघालो, बायको नंतर. ऑफिसात मला एक ओळ धड वाचता येईना. सकाळी गोळी घेतली का? घेतली. पाकीट कुठं ठेवलं? ड्रॉवरमध्ये. नक्की? उठलो, बसलो, पुन्हा उठलो. जेवणाच्या सुट्टीआधीच स्कूटर काढली.

दार उघडलं. तो आतल्या खोलीतून जांभई देत आला, अंग ताणलं, माझ्या बुटांचा वास घेतला. मी सरळ ड्रॉवरकडं गेलो. गोळ्या होत्या. सोफा, टेबल, ओटा, सगळं बघितलं. मग हॉलच्या कोपऱ्यात बघितलं. आतलं पायपुसणं त्यानं फाडून त्याच्या चिंध्या केल्या होत्या.

मी खाली बसून चिंध्या गोळा करायला लागलो. निम्म्या हातात आल्यावर माझ्या लक्षात आलं, मी त्या कुठं टाकायच्या याचा विचार करतोय. खालच्या कचऱ्यात नको, तिला दिसतील. चौकातल्या दुकानात तसलंच तपकिरी पायपुसणं मिळतं, ती यायच्या आत आणून टाकता येईल.

मी फोन लावला. तिचा तास नव्हता, उचलला.

"पायपुसणं फाडलं त्यानं," मी म्हणालो. "पार चिंध्या केल्यात."

"त्यानंच?"

"त्यानंच."

पलीकडं पोरांचा गोंगाट होता. "गिळलं तर नाही ना काही? तुकडे जुळवून बघा."

मी फोन स्पीकरवर टाकून फरशीवर ठेवला आणि तुकडे एकाला एक लावत बसलो. तो शेजारी येऊन बसला आणि माझ्या हातांकडं बघायला लागला. कडा जुळल्या, मधलं जुळलं.

"एक कोपरा कमी आहे," मी म्हणालो.

"शोधा मग," ती म्हणाली, आणि फोन ठेवला नाही.